चादरीला फूल लागू द्यायचं नाही

हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिला सगळे चॅम्पियन म्हणत. सुरुवातीला कौतुकाने म्हणत, मग सवयीने, आणि पुढे पुढे तर त्या शब्दाला काही अर्थ आहे हेच सगळे विसरून गेले. "चॅम्पियन, ती बादली सरकवा." "चॅम्पियन, सर्जिकलच्या उशांचे अभ्रे कमी आलेत." बत्तीस वर्षं ती ही हाक ऐकत आली होती. आता वय एक्कावन्न. उजवा खांदा वर उचलला की आतून कट्‌कन आवाज येई आणि कामाची पाळी संपेपर्यंत पोटऱ्यांचे लोखंडी गोळे होत.

काम साधं होतं, पण जीव काढणारं. वॉर्डांतून गाठोडी यायची, ती सोडायची, डाग पाहून वेगळी करायची, मशीनला लावायची, वाळवायची, घडी घालायची. घडी घालायला दोघी लागतात. तिची जोडीदार होती इस्त्रीवाली. अंगाने भरलेली, तोंडाने फाटकी आणि मनाने मोकळी. दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरायच्या, एक झटका द्यायच्या, चालत एकमेकींपाशी यायच्या, टोकं एकीच्या हातात जायची आणि दुसरी पुन्हा मागे सरायची. दिवसाला चारशे चादरी. म्हणजे दिवसातून चारशे वेळा त्या दोघी जवळ यायच्या आणि चारशे वेळा लांब जायच्या. इस्त्रीवाली म्हणायची, "नवऱ्याच्यासुद्धा मी एवढी जवळ गेले नसेन."

चॅम्पियनला ही नोकरी लागली ती बॅडमिंटनमुळे. एकोणिसाव्या वर्षी तिचं नाव वर्तमानपत्रात आलं आणि त्याच वर्षी, संस्थांच्या दरवर्षीच्या स्पर्धेसाठी हॉस्पिटलला एक खेळाडू हवी होती. जागा रिकामी होती ती धुलाईघरात. कागदावर ती धुलाई मदतनीस आणि प्रत्यक्षात हॉस्पिटलची खेळाडू. सहा कप तिने आणून दिले. ते मेट्रनबाईंच्या खोलीत काचेच्या कपाटात, सलाईनच्या जुन्या तक्त्यांशेजारी, अजून उभे आहेत. चौतिसाव्या वर्षी खांदा गेला आणि खेळाडू संपली. मग उरली नुसती धुलाई मदतनीस.

पण या गोष्टीची सुरुवात तिच्या वडिलांपासून करायला हवी.

वडील घड्याळं दुरुस्त करत. जिन्याखाली एक खोपटीएवढं दुकान, डोळ्याला भिंग, समोर काचेखाली झाकलेले इवलेसे स्क्रू. माणूस शांत, पण घड्याळ अर्धा मिनिट जरी मागे पडलं तरी अस्वस्थ व्हायचा. मुलीच्या हातात त्यांनी आठव्या वर्षी रॅकेट दिली आणि तिथून पुढे तिच्या खेळाकडेही भिंगातूनच पाहिलं. ओरडले कधी नाहीत. हात तर उगारलाच नाही. त्यांची एक रीत होती. सामना जिंकला की घरी जाताना ते तिच्या बरोबरीने चालायचे, रॅकेटची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे, वाटेत एखाद्या दुकानापाशी थांबायचेही. हरली की ते दहा पावलं पुढे चालायचे. मागे वळून बघायचे नाहीत. ती पिशवी घेऊन मागून चालायची आणि तिच्या डोळ्यांसमोर सगळा रस्ता वडिलांची पाठ असायची. दहा म्हणजे दहा. तिने धाव घेतली तर तेही भराभर चालायचे.

सामन्याला ते येऊ शकले नाहीत तर दारातच विचारायचे, "किती-किती?"

कशी खेळलीस, दमलीस का, खांदा कसा आहे, असलं काही नाही. किती-किती. आकडा सांगितला की घरात शिरायची परवानगी मिळाल्यासारखं व्हायचं. लग्नाच्या गोष्टी निघाल्या तेव्हा ते म्हणाले, "या वर्षीची स्पर्धा होऊन जाऊ दे." पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. असं करता करता स्पर्धाही संपल्या आणि विचारणारेही. आई गेली. दोन खोल्यांत बाप आणि मुलगी उरले. खांदा गेला त्या दिवशी तिने रॅकेट कपाटावर टाकली आणि रडण्याऐवजी दुपारभर झोपून राहिली. इतकी गाढ झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

मग मधे पंधरा वर्षं नुसत्या चादरी.

दोन वर्षांपूर्वी धुलाईघरातलं वाळवायचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत राहिला आणि चादरी मागच्या आवारात दोऱ्यांवर वाळू लागल्या. आवार मोठं, फरसबंद. दोऱ्या अशा बांधल्या होत्या की चारी बाजूंनी ओल्या चादरी लटकल्या की मधे एक खोलीच तयार व्हायची. छत आभाळाचं आणि भिंती पांढऱ्या. आत वारं शिरत नसे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त चादरींखालून चार पाय दिसत.

एके दिवशी मुलांच्या वॉर्डच्या गाठोड्यात दोन हलक्या रॅकेट निघाल्या आणि बॅडमिंटनचं एक प्लास्टिकचं फूल. कुणी पेशंट घरी जाताना विसरला असणार. आठ दिवस वाट पाहिली, मालक आला नाही. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाली एक रॅकेट पंख्यासारखी हलवत म्हणाली, "चल गं चॅम्पियन, दाखव तरी. तीस वर्षं नुसतं नाव ऐकतेय."

चॅम्पियन नको नको म्हणाली आणि उठली. इस्त्रीवालीने फूल कसंबसं वर उडवलं. चॅम्पियनचा हात आपोआप वर गेला, खांद्यात कट्‌ वाजलं आणि फूल सूं करून इस्त्रीवालीच्या नाकावर बसलं.

"अगं मारतेस काय! माझ्याशी काय भांडण आहे तुझं?"

"चुकून गेलं."

पुढचं फूल तिच्या डाव्या हाताच्या पलीकडे गेलं, त्याच्या पुढचं पायांपाशी. पाच मिनिटांत इस्त्रीवालीने रॅकेट खाली ठेवली. "हा कसला खेळ? तू मारणार आणि मी वाकून वेचणार. वेचायचंच असेल तर घरात काय कमी पसारा आहे?"

चॅम्पियन ओशाळली. आपल्याला दुसरं काही येतच नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. समोरचीला पोचता येणार नाही अशी जागा शोधायची आणि फूल तिथे टाकायचं, आयुष्यभर ती एवढंच शिकली होती.

"बरं," ती म्हणाली, "पडू द्यायचंच नाही. दोघींनी मिळून. बघू किती वेळ राहतं."

पहिल्या दिवशी अकरा. त्यात एक अडचण आली. पांढऱ्या चादरींपुढे पांढरं फूल दिसेना. इस्त्रीवालीने ते निळीच्या बादलीत बुचकळून काढलं. निळं फूल छान दिसू लागलं, पण ओल्या चादरीला लागलं की तिथे निळा डाग उठायचा. डाग पडला की चादर पुन्हा धुवायची, आणि तीही हाताने, कारण मशीन तोवर भरलेली असायची. त्यामुळे खेळाला एक कायदा आला. चादरीला फूल लागू द्यायचं नाही. जिच्या हातून लागेल तिने चादर धुवायची. कोपऱ्यांत मारायचं नाही, जोरात मारायचं नाही. मधे, हलकं, समोरचीच्या हाताशी.

पहिल्या महिन्यात चॅम्पियनने नऊ चादरी धुतल्या आणि इस्त्रीवालीने दोन. इस्त्रीवाली हे सगळ्या हॉस्पिटलला सांगत सुटली.

हळूहळू हात निवळला. इस्त्रीवालीचा उजवा पाय जड आहे, तिला कमरेच्या उंचीवरचं फूल आवडतं, बोलता बोलता तिचं लक्ष उडतं, हे सगळं चॅम्पियनच्या ध्यानात येत गेलं. पूर्वीही तिने समोरच्यांचे असे बारकावे हेरले होते, पण ते त्यांना पाडण्यासाठी. आता ते इस्त्रीवालीला फूल नीट मिळावं म्हणून उपयोगी पडत होते. दोघी मोठ्याने मोजायच्या. चाळीस झाले, सत्तर झाले. एका दुपारी एकशे सदतीस झाले आणि इस्त्रीवाली हसता हसता खाली बसली ती उठेचना. चॅम्पियन दमली होती, पण हे दमणं तिला अनोळखी होतं. त्यात कुणाची पाठ दिसत नव्हती.

त्या दिवशी वरच्या खिडकीतून मेट्रनबाई पाहत होत्या.

आठवड्याने त्यांनी बोलावून घेतलं. "या वर्षीपासून प्रौढ गट ठेवलाय. पन्नाशीच्या पुढच्या बायका. तुमचं नाव दिलंय मी."

"बाई, माझा खांदा—"

"मी पाहिलंय खालचं. उत्तम चाललंय. कपाटात सातव्याची जागा रिकामीच आहे."

"ते खेळणं वेगळं आहे, बाई."

"खेळणं ते खेळणं. पत्र घरच्या पत्त्यावर पाठवलंय."

पत्र वडिलांनी फोडलं होतं. ती घरी पोचली तेव्हा एक्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा स्टुलावर चढून कपाटावरची रॅकेट काढून बसला होता. तार ओढून पाहत होता. दोन वर्षं त्याला ऐकू कमी येत होतं, वर्षभरात बोलणंही कमी झालं होतं. आज त्याचे डोळे चमकत होते.

"गट सोपा आहे," ते म्हणाले. "पन्नाशीच्या पुढच्या बायका. यात हरायला काय झालंय?"

"बाबा, मी नाही म्हणणार आहे."

"काय?"

तिने मोठ्याने सांगायला तोंड उघडलं आणि त्यांच्या हातातल्या रॅकेटकडे पाहिलं. ती त्यांनी घट्ट धरली होती. "काही नाही," ती म्हणाली. "स्टुलावर कशाला चढलात?"

दुसऱ्या दिवसापासून वडील काठी टेकत बरोबर साडेबाराला आवारात हजर. बाह्यरुग्ण विभागातून एक खुर्ची आणवली आणि तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायला लागले. दोन बाजूंच्या दोऱ्या उतरवल्या. फरशीवर खडूने रेघा आखल्या. निळं फूल बाद झालं, पिसांची फुलं आली. इस्त्रीवालीला काम मिळालं एका जागी उभं राहून कोपऱ्यांत फुलं फेकायचं.

"लांब फेक. आणखी लांब. तिला पळू दे."

तीन दिवस इस्त्रीवालीने सोसलं. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी गेलं. "काका, मला हुकूम सोडायला घरी सासू आहे," ती म्हणाली आणि इस्त्रीकडे निघून गेली. त्यानंतर दुपारी दोघी घडी घालायला उभ्या राहायच्या, चालत जवळ यायच्या, टोकं द्यायच्या-घ्यायच्या, आणि एक शब्द नाही. चारशे चादरींत एक शब्द नाही. चॅम्पियनला ती शांतता खांद्यापेक्षा जास्त दुखायची.

शेवटी तीच म्हणाली, "एवढी एक स्पर्धा होऊ दे. मग दोऱ्या परत बांधू."

"तुझे बाबा तेच म्हणायचे ना? एवढी एक?"

आदल्या दिवशीच बाबा म्हणाले होते, "ही जिंकलीस की पुढच्या वर्षी मोठ्या गावच्या स्पर्धेला नाव देऊ. प्रौढांत पंचावन्नचाही गट असतो. साठचाही असतो." म्हणजे जिंकण्याला शेवट नव्हता. आणि हरणं म्हणजे पुन्हा ती पाठ. पाठ पाहायची तिची ताकद आता संपत आली होती, आणि रोज दुपारी मिळणारा तो पाऊण तास गेला तर मग हातात उरणार काय, हाही प्रश्न होताच.

स्पर्धेच्या दिवशी पहिले दोन सामने तिने जिंकले. जुना हात जागा झाला होता. एका बँकेतल्या बाईला तिने इतकं पळवलं की ती खुर्चीत बसून पाण्याची बाटली छातीशी धरून राहिली. चॅम्पियनने हात मिळवला आणि तिला काहीच वाटलं नाही. घडी घातलेली चादर ढिगावर ठेवावी तसा तो सामना तिने ठेवून दिला. वडील पहिल्या रांगेत होते. मेट्रनबाई शेजारी. अगदी मागे, भिंतीला टेकून, अर्धी रजा टाकून आलेली इस्त्रीवाली उभी होती. आल्याचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

अंतिम सामना टपाल खात्यातल्या एका बाईशी होता. ठेंगणी, केस पिकलेले, डाव्या गुडघ्याला पट्टा. पहिला गेम चॅम्पियनने घेतला, दुसरा तिने. तिसऱ्यात दोघींच्या तोंडाला फेस आला. वीस-एकोणीस. चॅम्पियन एका पॉइंटने पुढे. आता एकच फूल आणि सातवा कप.

टपालवाली सर्व्हिस परतवताना चुकली. फूल उंच, अर्धवट, जाळीजवळ आलं आणि ती स्वतः उजवीकडे अडकून पडली. डावा कोपरा सताड उघडा. तिकडे वळायचं तर पट्ट्याच्या गुडघ्यावर वळावं लागणार. आठ वर्षांच्या पोरीलाही कळलं असतं कुठे मारायचं.

"डावीकडे!" वडील ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले असतील.

चॅम्पियनचा हात वर गेला. कट्‌ झालं. आणि त्या उघड्या कोपऱ्यात तिला ओली चादर दिसली. दोरीवर लटकलेली, नुकतीच धुतलेली. दोन वर्षं त्या कोपऱ्यात चादरच होती. हात वरच्या वर सैल पडला आणि फूल अलगद मधे गेलं, टपालवालीच्या हाताशी.

टपालवालीचा विश्वास बसेना. तिने ते घाईघाईने परतवलं, पुन्हा उंच, पुन्हा कोपरा मोकळा. पहिल्या वेळी हाताची चूक झाली होती. या वेळी चॅम्पियनने कोपरा नीट पाहिला, गुडघ्याचा पट्टा पाहिला आणि फूल पुन्हा मधेच दिलं. मग आणखी एकदा. तिच्या तोंडून नकळत आकडे सुटले. "चार... पाच... सहा..."

"काय मोजताय?" टपालवालीने धापा टाकत विचारलं.

"पडू द्यायचं नाही," चॅम्पियन म्हणाली. "दहा... अकरा..."

टपालवालीने तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं आणि अचानक तिला हसू फुटलं. तिनेही फूल हाताशी दिलं. प्रेक्षक आधी गोंधळले, मग कुणीतरी मोजायला लागलं. मागून इस्त्रीवालीचा आवाज सगळ्यांवर चढला होता. "एकोणीस! वीस!" पंचाने खुर्चीत पुढे वाकून पाहिलं, नियमात काही बसेना आणि काही मोडतही नव्हतं.

सत्ताविसाव्याला चॅम्पियनचा खांदा उचललाच नाही. फूल तिच्याच पायांशी पडलं. वीस-वीस. त्यानंतरचे दोन पॉइंट लवकर संपले. टपालवाली जाळीखालून वाकून आली आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "आमच्याकडे टपाल वर्गीकरणाची मोठी खोली आहे. दुपारी रिकामी असते. या कधीतरी."

मेट्रनबाई म्हणाल्या, "हरकत नाही." पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात त्याच आवाजात.

इस्त्रीवाली घामेजलेली पुढे आली. "सत्तावीस! त्या बाईचा गुडघा धड असता तर पन्नास झाले असते. आणि ऐक, दोऱ्या मी सकाळीच बांधून आलेय."

"जिंकले असते तर?"

"तर सोडल्या असत्या."

वडिलांनी काठी घेतली आणि ते दाराकडे निघाले. तिने पिशवी खांद्यावर टाकली, तो खांदा दुखला म्हणून दुसऱ्यावर घेतली आणि मागून चालू लागली. रस्त्यावर दुपारची उन्हं होती. दुकानांची फळकुटं अर्धी ओढलेली. समोर तीच पाठ, फक्त वाकलेली. सदरा खांद्यांवर सैल झालेला.

दहा पावलं. पण म्हातारा काठी टेकत, थांबत थांबत चालला होता. तिने नेहमीची चाल धरली तरी अंतर आठ झालं, मग सहा. तिने पाय आवरले. त्यांना पुढे राहता यावं म्हणून ती मुद्दाम सावकाश चालली, एका विजेच्या खांबापाशी चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करून थांबलीही. मग तिला स्वतःचंच नवल वाटलं. एक्कावन्नाव्या वर्षी, हे काय चाललंय?

तिने पाय आवरणं सोडून दिलं. पाच. तीन. ती त्यांच्या शेजारी आली.

त्यांनी तिरक्या नजरेने पाहिलं आणि चाल वाढवली. चार पावलं गेली आणि धाप लागली. ते थांबले, काठीवर दोन्ही हात ठेवले. ती थांबली.

"डावा कोपरा मोकळा होता," ते म्हणाले.

"दिसला मला."

"तीनदा."

"तीनदा, बाबा."

"मग?"

काय सांगणार? चादर? नीळ? ते तिला कानात ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. "मी दमलेय," ती म्हणाली. "खूप वर्षांची दमलेय."

त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. त्यांनी परत एकदा पुढे जायचा प्रयत्न केला. श्वास पुरला नाही. मग ते तिच्या बरोबरीनेच चालू लागले, दुसरं काही करता येईना म्हणून. पिशवी त्यांनी मागितली नाही. तिनेही दिली नाही. कोपऱ्यावर रस्ता ओलांडताना त्यांचा हात तिच्या कोपराला लागला आणि पलीकडे पोचेपर्यंत तिथेच राहिला. हरून घरी जाताना ते दोघं बरोबरीने चालत होते, आणि हे आजवर कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला आवारात खुर्ची रिकामी होती. इस्त्रीवालीने तिच्यावर ओले अभ्रे वाळत टाकले.